१०० दिवसांचा खेळ ७० दिवसांत का आटोपला? 'बिग बॉस मराठी ५'ची गोष्ट

एखादी मालिका बंद पडली की पहिला अंदाज ठरलेला असतो: टीआरपी पडला असणार. पण 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वाचं उलटं झालं. रितेश देशमुखचा 'भाऊचा धक्का' गाजत होता, सोशल मीडियावर रोज त्याच घराची चर्चा होती आणि तेव्हाच हा खेळ ७० दिवसांत संपणार असं जाहीर झालं. चाहते चक्रावले.

नेमकं काय घडलं?

आधीची चारही पर्वं साधारण १०० दिवस चालली होती. पहिलं १५ एप्रिल २०१८ ते २२ जुलै २०१८, तर चौथं २ ऑक्टोबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३. पाचवं पर्व २८ जुलै २०२४ ला सुरू झालं आणि ६ ऑक्टोबरला महाअंतिम सोहळाही उरकला. म्हणजे जवळपास महिनाभराचा खेळ कमी झाला.

याच ६ ऑक्टोबरला सलमान खानचं हिंदी 'बिग बॉस १८' सुरू झालं. कलर्स, कलर्स मराठी आणि जिओ सिनेमा ही तिन्ही माध्यमं तेव्हा वायाकॉम१८ कडेच होती. त्यामुळे हिंदीसाठी मराठीला आवरतं घेतलं, असा अर्थ अनेकांनी लावला. दोन्ही शो एकाच वेळी चालले असते, तर तोच प्रेक्षक विभागला गेला असता, हे गणित समजायला अवघड नाही.

चाहत्यांचा राग कशावर होता?

मुद्दा फक्त करमणुकीचा नव्हता. १०० दिवसांच्या हिशोबाने खेळणाऱ्या स्पर्धकाला शेवटच्या महिन्यात डाव फिरवता येतो. ती संधीच गेली. सुरुवातीपासून ज्याचा चाहतावर्ग पक्का, त्याला छोटं पर्व सोयीचं पडतं. म्हणूनच निकालानंतरही '१०० दिवस असते तर?' हा वाद रंगला.

तो निकाल होता सूरज चव्हाणचा. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा हा पोरगा. नीरा डाव्या कालव्यामुळे बारामती-इंदापूरचा मोठा पट्टा उसाने हिरवागार झाला, मोढवे मात्र तालुक्याच्या जिराईत भागातलं. लहानपणीच आई-वडील गेले, शाळा अर्धवट सुटली, टिकटॉकवर नाव झालं आणि २०२० मध्ये टिकटॉकवरच बंदी आली. अशा सूरजने गायक अभिजीत सावंतला मागे टाकून ट्रॉफी आणि १४.६ लाख रुपये जिंकले. गावाकडच्या चाहत्यांना हा आपला विजय वाटला, तर टीकाकारांना ती सहानुभूतीची मतं वाटली. कोणाला किती मतं पडली, हे 'बिग बॉस' जाहीर करत नाही. त्यामुळे हा वाद आकड्यांनी मिटणारा नाही.

पुढे काय झालं?

निकालानंतर अजित पवारांनी सूरजला घर बांधून देण्याचं आश्वासन दिलं. केदार शिंदे यांनी त्याला घेऊन 'झापुक झुपूक' चित्रपट केला. तो २५ एप्रिल २०२५ ला आला, पण तिकीटबारीवर फारसा चालला नाही. ॲपवर मत द्यायला पैसे लागत नाहीत, थिएटरचं तिकीट मात्र विकत घ्यावं लागतं. मोबाईलवरची लोकप्रियता तिकीटबारीपर्यंत पोहोचतेच असं नाही.

प्रेक्षकांच्या हातात काय उरतं?

'दिल दोस्ती दुनियादारी' २०१६ मध्ये संपली, तेव्हाही चाहते हळहळले होते. पुढे त्यातल्या कलाकारांचं 'अमर फोटो स्टुडिओ' नाटक आलं आणि २०१७ मध्ये 'दिल दोस्ती दोबारा' ही मालिकाही आली. प्रेक्षकांचं प्रेम वाहिनीला दिसतं, पुढचे निर्णय घेताना ते उपयोगीही पडतं. पण चालू कार्यक्रम किती दिवस चालवायचा, हे वेळापत्रक आणि जाहिरातींच्या हिशोबावर ठरतं. पाचव्या पर्वात घरात कोण राहणार हे प्रेक्षकांच्या मतांवर ठरत होतं. घराला कुलूप कधी लागणार, यावर मात्र मतदान नव्हतं.