औजारावरचा कर उतरला. आतल्या बिडाचे काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि नांगरणी-मशागतीच्या औजारांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे सेंटर हाउसिंग, ट्रान्समिशन हाउसिंग, पुढच्या अ‍ॅक्सलचा सपोर्ट या भागांवर १८ टक्के कर होता, तोही ५ टक्के झाला. हे चांगलेच झाले. पण ही सगळी मंडळी ओतकामाची आहेत. भाव उतरला म्हणून आपण आनंदाने घेतो, पण आतले बीड कसे आहे हे कोण बघतो?

मागे ऐन पेरणीच्या तोंडावर एक शेतकरी रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचे फुटलेले कवच घेऊन आले. विक्रेता म्हणाला, "दगडाला लागलं असेल." आम्ही ते एका जुन्या फौंड्री मिस्त्रींना दाखवले. त्यांनी फुटलेल्या जागेवरची काळी चकचकीत रेघ दाखवली आणि म्हणाले, "साहेब, रस दोन बाजूंनी आला, पण एकजीव झालाच नाही. हे थर्मोकोलवर ओतलेलं दिसतंय." दगडाचा दोष नव्हता. पण बिल जपलेले नव्हते, आणि पेरणी भाड्याच्या औजारावर करावी लागली.

थर्मोकोलवर ओतकाम म्हणजे काय, ते समजून घेऊ. नेहमीच्या पद्धतीत लाकडी किंवा धातूचा नमुना वाळूत दाबतात, काढून घेतात आणि राहिलेल्या पोकळीत रस ओततात. कोल्हापूर भागातल्या फौंड्र्यांत बहुतेक काम आजही वाळूच्या साच्यातच होते. या दुसऱ्या पद्धतीत नमुना थर्मोकोलचा असतो आणि तो बाहेर काढतच नाहीत. त्यावर उष्णता सोसणाऱ्या मातीचा लेप देतात, लेप वाळवतात, नमुना पेटीत ठेवून भोवती कोरडी मोकळी वाळू भरतात आणि पेटी हलवून वाळू बसवतात. वरून रस ओतला की थर्मोकोल वितळून, वायू होऊन निघून जातो आणि त्याची जागा लोखंड घेते. थर्मोकोलच्या नमुन्यात रस ओतण्याचे पेटंट अमेरिकेत १९५८ साली झाले. फायदा मोठा आहे. वेडेवाकडे, आतून पोकळ कवच एका तुकड्यात निघते आणि घासकाम कमी लागते.

मग बिघडते कुठे? थर्मोकोलमध्ये वजनाने जवळजवळ ९२ टक्के कार्बन असतो. तो वायू आणि चिकट द्रव होऊन लेपातून वाळूत गेला पाहिजे. नाही गेला तर रसातच अडकतो. बिडात आधीच ३ टक्क्यांहून जास्त कार्बन असतो, त्यामुळे जादाचा कार्बन त्यात मुरत नाही. दुधावर साय धरावी तसा चकचकीत पापुद्रा धरतो. दोन बाजूंनी आलेला रस या पापुद्र्यामुळे जुळत नाही आणि तिथे घडी पडते. आमच्या गिअरबॉक्सचे हेच झाले होते.

पोलादाचे उलटे. साध्या पोलादात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो, म्हणून ते बाहेरचा कार्बन शोषून घेते. वरचा थर जागोजागी कडक आणि ठिसूळ होतो. वरून माल देखणा दिसतो, पण दणका बसला की तडकतो.

उपाय आहेत, आणि ते कारखानदाराच्या हातात आहेत. पहिला, थर्मोकोल हलका हवा. पॅकिंगचा कसलाही तुकडा चालत नाही, ओतकामासाठीचा बारीक दाणा लागतो. वजन कमी तेवढा कार्बन कमी. दुसरा, नमुना पुरता वाळलेला हवा आणि जोडाला सरस बेताचा हवा. ओल राहिली की वाफ, आणि वाफ म्हणजे भोके. तिसरा, लेप असा हवा की वायू बाहेर जाईल, पण रस वाळूत शिरणार नाही. चौथा, रस नेहमीपेक्षा काहीसा गरम हवा, कारण थर्मोकोल जाळण्यात त्याची उष्णता खर्ची पडते. ओतताना धार मध्ये तुटता कामा नये. पाचवा, पेटीतून हवा ओढणारा पंप लावला तर वायू लवकर निघतो. पोलादासाठी थर्मोकोलऐवजी ज्यात कार्बन ६० टक्केच असतो अशा पदार्थाचे मिश्रण वापरतात. पण त्यातून वायू एकदम सुटतो आणि रस उसळू शकतो, म्हणून प्रमाण सांभाळावे लागते. अगदी कमी कार्बनच्या पोलादाला तर नमुना आधी जाळून कवच रिकामे करतात, मगच ओततात.

म्हणजे दोष पद्धतीचा नाही, घाईचा आहे. नीट केले तर हाच माल चांगला टिकतो. घाई केली तर तोट्याचे धनी आपण.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही दोन शब्द. या पद्धतीत वाळूला चिकटवण कालवत नाहीत, त्यामुळे ती थंड करून, साफ करून पुन्हा वापरता येते. गायरानात किंवा ओढ्याकाठी टाकाऊ वाळूचे ढीग त्यामुळे कमी होऊ शकतात. पण थर्मोकोलचा धूर आरोग्याला वाईट. तो ओढून घेऊन शुद्ध करण्याची सोय हवीच. गावाच्या हद्दीत असा कारखाना येत असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आहे का, धुराचे आणि वाळूचे काय करणार, हे आधीच विचारा. गावातली पोरे तिथे कामाला जाणार आहेत, एवढे ध्यानात ठेवा.

आता खरेदीला जाताना काय पाहाल?

कवचावर साबुदाण्यासारख्या गोल खुणा दिसल्या तर घाबरू नका. त्या थर्मोकोलच्या दाण्यांच्या असतात. पण सुरकुत्या, घड्या, बारीक भोके दिसली, किंवा जाड रंगाखाली लांबी भरलेली वाटली, तर औजार बाजूला ठेवा. शंका असेल तर रॉकेल लावून पुसा आणि वर खडूची पूड लावा. चीर असेल तर रॉकेल झिरपून ओली रेघ उमटते. बोल्ट बसतात त्या कानांपाशी जरूर बघा.

पक्के बिल आणि वॉरंटीचा कागद घ्या. कर कमी झाला तो बिलातही कमी दिसला पाहिजे. भाग फुटला तर तुकडे भंगारात देऊ नका, तोच पुरावा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, आणि मुदत २ वर्षांची आहे.

बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतो, मूठभर दाणे हातावर घेऊन बघतो. औजार घेताना रंगावर जाऊ नका. रंगाखालचे बीड बघा.