नदीकाठचा तंबू आणि धरणाचे वेळापत्रक

हिमाचल प्रदेशात मंडीहून कुलूकडे जाताना बियास नदीच्या काठी थलौट हे छोटेसे गाव लागते. ८ जून २०१४ च्या संध्याकाळी हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची सहल येथे थांबली. नदीला पाणी बेताचेच होते, पात्रातले खडक उघडे पडले होते. छायाचित्रे काढण्यासाठी विद्यार्थी त्या खडकांवर उतरले. काही वेळाने वरच्या अंगाच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडण्यात आले आणि २४ विद्यार्थी व सहलीसोबतची एक व्यक्ती असे २५ जण पाहता पाहता वाहून गेले.

या दुर्घटनेला दशकाहून अधिक काळ लोटला. भरपाईचा आदेश देताना हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने जबाबदारी राज्य वीज मंडळ, महाविद्यालय आणि राज्य शासन या तिघांत विभागली आणि तिचा सर्वांत मोठा वाटा वीज मंडळावर ठेवला. न्यायाच्या अंगाने प्रकरण इथवर आले. परंतु नदीकाठी गळ टाकून बसणाऱ्याला किंवा वाळूत तंबू ठोकणाऱ्याला त्या संध्याकाळने जे सांगितले, ते आजही फारसे कोणाच्या कानी पडलेले दिसत नाही. ते पाणी पावसाचे नव्हते. १२६ मेगावॅट क्षमतेच्या त्या प्रकल्पातील वीजनिर्मिती कमी करण्यात आली होती. जनित्रांकडे जाणारे पाणी अडले, की ते दरवाजांतून नदीत सोडण्यावाचून गत्यंतर नसते.

आपल्या मनातील पुराचे चित्र पावसाळ्याचे असते: काळे ढग, गढूळ लोंढा, दोन दिवसांची संततधार. म्हणूनच पावसाळा ओसरला की नदीकाठ निर्धोक झाला, असे गृहीत धरले जाते. ऑक्टोबरपासून तंबूतील मुक्कामाचा, कॅम्पिंगचा हंगाम सुरू होतो, तो याच भरवशावर. धरणाखालच्या नदीला मात्र ऋतूबरोबरच विजेचेही वेळापत्रक असते. जलविद्युत केंद्रे काही मिनिटांत सुरू वा बंद करता येतात. त्यामुळे मागणी एकदम वाढते तेव्हा, म्हणजे बहुधा सायंकाळी, त्यांचा आधार घेतला जातो. दुपारी गुडघाभर असलेले पात्र रात्री छातीपर्यंत भरू शकते आणि पहाटे पुन्हा ओसरू शकते. गळाने मासे धरणाऱ्यांना दिवेलागणीची वेळ सर्वाधिक प्रिय, आणि सहलीला गेलेली मंडळी तंबू लावून चूल पेटवतात तीही त्याच सुमारास. हा योगायोग घातक आहे.

मध्य प्रदेशातील धाराजीची घटना याचा अधिक दुःखद पुरावा आहे. देवास जिल्ह्यातील या ठिकाणी भूतडी अमावस्येच्या स्नानासाठी हजारो भाविक नर्मदेच्या पात्रालगत मुक्कामाला होते. ७ एप्रिल २००५ च्या रात्री वरच्या बाजूच्या इंदिरासागर प्रकल्पाचे पाणी पात्रात चढले आणि किमान ६० जणांचा बळी गेला. एप्रिल महिना होता आणि जत्रा दरवर्षी ठरल्या तिथीला भरणारी होती. प्रकल्पाला नदी ठाऊक होती, प्रशासनाला जत्रा ठाऊक होती. दोन्ही माहिती एका टेबलावर आली नाही. हौशी पर्यटक आणि भाविक यांत आपण भेद करतो, पाणी करीत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना या संदर्भात कोयनेचे उदाहरण जवळचे वाटेल. कोयनेच्या पाण्यावर वीज तयार झाल्यानंतर ते अवजल पश्चिमेकडे वाशिष्ठी नदीत सोडले जाते, आणि उन्हाळ्यातही या नदीला पाणी दिसते ते बव्हंशी त्यामुळेच. अशा नदीच्या पातळीचा अंदाज आकाशाकडे पाहून बांधता येत नाही.

येथे वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रे यांच्याही पदरात थोडे माप घालायला हवे. पावसाळ्यात आम्ही रोज विसर्गाचे आकडे देतो: अमुक धरणातून दहा हजार क्युसेक, तमुक धरणातून पंचवीस हजार. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, अर्थात दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास २ लाख ८३ हजार लिटर पाणी. आकडा अचूक असतो, पण काठावरच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. हेच पाणी रुंद, सपाट पात्रात पसरून जाईल आणि अरुंद घळईत एक मजला चढेल. त्याला हवे असते ते एवढेच, की पाणी माझ्या जागी किती वाजता पोहोचेल आणि किती वर येईल. सेकंदाला अडीच मीटर वेगाने धावणारे पाणी दहा किलोमीटर अंतर साधारण तासाभरात कापते, हा ढोबळ हिशेब आहे. उतार, वळणे आणि पाण्याचे प्रमाण यांनुसार तो बदलतो. पण त्यातून एवढे कळते, की धरण नजरेआड आहे म्हणून ते दूर असतेच असे नाही.

मग तंबू लावावा कोठे? उत्तर काठावरच वाचता येते. झुडपांच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा आणि प्लास्टिक, खडकावरील ओलसर वा रंग बदललेली रेघ, गवताचे पातेही न उगवलेली स्वच्छ वाळू, या सर्व खुणा पाणी अलीकडेच तेथवर आल्याचे सांगतात. तंबूची जागा सर्वांत वरच्या खुणेहूनही उंच हवी, आणि तेथून आणखी वर जाणारी पायवाट अंधारातही सापडेल इतकी सरळ हवी. पात्रातील बेट कितीही रम्य असले तरी वर्ज्य समजावे. पाणी प्रथम त्याच्या आणि काठाच्या मधली उथळ वाट बुडवते, त्यामुळे बेटावरचा माणूस अडकल्यावरच सावध होतो. वाहनही पात्रात उतरवू नये. ते वाचवण्यासाठी पुन्हा खाली जाण्याचा मोह आवरत नाही.

गळ टाकायला बसल्यावर पाण्याच्या कडेला एक दगड किंवा काठीची खूण ठेवून दर काही मिनिटांनी ती पाहण्याची सवय साधी, पण मोलाची आहे. खूण बुडू लागली, पाण्याचा रंग बदलला, वरून पाने-काटक्या येऊ लागल्या किंवा प्रवाहाचा आवाज जड झाला, तर साहित्य गोळा करत बसू नये. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. मघाशी सहज ओलांडलेली गुडघाभर धार परतताना पाय उचलू देत नाही, ती यामुळेच. पाठीवर पिशवी घेऊन प्रवाह ओलांडावाच लागला, तर तिचे कमरेचे व छातीवरचे पट्टे सोडावेत, म्हणजे पाय घसरल्यास ती झटकता येते. एखादा वाहून जाऊ लागल्यास त्याच्यामागे उडी घेण्यापेक्षा दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा फेकणे श्रेयस्कर. वाचवायला गेलेला दुसरा बळी ठरल्याच्या बातम्या आमच्याकडे दर पावसाळ्यात येतात.

धरण नसलेल्या नाल्यांचा न्यायही फार वेगळा नाही. तेथे पाणी सोडणारा कोणी नसतो, पण पाऊस डोंगरापलीकडे पडलेला असतो. ८ जुलै २०२२ रोजी अमरनाथ गुहेजवळ पाण्याचा लोंढा यात्रेकरूंच्या तंबूंवर आला आणि किमान १५ जण मृत्युमुखी पडले. प्रारंभी सर्वत्र ढगफुटी हा शब्द वापरला गेला. हवामान विभागाच्या नोंदीनुसार गुहेपाशी त्या सायंकाळी दोन तासांत ३१ मिलिमीटर पाऊस झाला होता. ढगफुटीसाठी तासाभरात १०० मिलिमीटर हा निकष मानला जातो. म्हणजे ढगफुटी तंबूंवर झालीच नव्हती; पाऊस वरच्या उतारांवर पडला आणि ओढ्याने तो खाली आणला. त्याआधीच्या वर्षी, २८ जुलै २०२१ रोजी, याच परिसरात असाच लोंढा आला होता. त्या वर्षी यात्रा रद्द असल्याने जीवितहानी टळली, एवढाच फरक. लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हाही प्रवाह काही मिनिटांतच वाढला होता.

अशा प्रत्येक घटनेनंतर प्रशासनाचा ठरलेला प्रतिसाद म्हणजे बंदी. ती काही आठवडे कडक राहते, पुढे नावापुरती उरते. दुसरा प्रतिसाद फलकांचा. पाणी केव्हाही सोडले जाऊ शकते, अशा आशयाचे फलक हिमालयातील अनेक नद्यांच्या काठी उभे आहेत. ‘केव्हाही’ या शब्दाने प्रकल्पाची कायदेशीर बाजू कदाचित सावरत असेल, पण वाचणाऱ्याला त्यातून कोणताच निर्णय घेता येत नाही. भोंगा वाजतो तेव्हा स्थानिक माणूस उठून काठ सोडतो. पाहुण्याला तो कारखान्याचा वाटतो, आणि प्रवाहाच्या गर्जनेत पुष्कळदा ऐकूही येत नाही. म्हणून मुक्कामाच्या गावी पोहोचताच दोन गोष्टी विचाराव्यात: वर धरण वा वीजगृह आहे काय, आणि पाणी सोडण्यापूर्वी इशारा कसा देतात. चहाच्या टपरीवर याचे उत्तर मिळते.

कायद्याच्या बाजूने एक महत्त्वाची मुदत जवळ येत आहे. ३० डिसेंबर २०२१ रोजी अमलात आलेल्या धरण सुरक्षा कायद्याने जुन्या धरणांच्या मालकांना आपत्कालीन कृती आराखडा तयार करण्यासाठी पाच वर्षे दिली. ही मुदत डिसेंबर २०२६ मध्ये पूर्ण होते. बाधित होऊ शकणारे क्षेत्र, तेथील लोकसंख्या आणि इशारा देण्याची पद्धत यांचा आराखड्यात समावेश अपेक्षित आहे. कळीचा प्रश्न ‘लोकसंख्या’ या शब्दाचा आहे. गावांची यादी महसूल दप्तरातून मिळेल. शनिवारी रात्री वाळूत झोपलेले चाळीस पर्यटक, पहाटे गळ घेऊन आलेले चौघे, तिथीला जमणारी जत्रा यांची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. शिवाय आराखड्याचा रोख मुख्यतः धरण फुटण्यासारख्या मोठ्या संकटावर असतो, तर थलौट आणि धाराजी येथे धरणे शाबूत होती आणि पाणी नेहमीच्या कामकाजात सोडले गेले होते.

यासाठी अवाढव्य खर्चाची गरज नाही. तंबूंचा व्यवसाय करणाऱ्यांची नोंदणी आणि त्यांचे दूरध्वनी क्रमांक प्रकल्पाच्या नियंत्रण कक्षात असणे, दिवसाच्या वीजनिर्मितीची अपेक्षित वेळ काठावरच्या फळ्यावर लिहिणे, एकदम पूर्ण विसर्ग करण्याआधी थोडे पाणी सोडून काठ रिकामा होऊ देणे, ही कामे शाखा अभियंत्याच्या पातळीवर होण्याजोगी आहेत. आराखडे कागदावर येत असताना जिल्हा प्रशासनांनी निदान आपल्या हद्दीतील मुक्कामाच्या जागा नकाशावर दाखवून त्या धरणमालकांकडे पाठवाव्यात. मुदतीपूर्वीचा एक पर्यटन हंगाम त्यासाठी पुरेसा आहे.