मेकफाइलमधली एक ओळ

मोठा प्रोग्राम सोर्सपासून कम्पाइल करायचा म्हटले, की सेलेरॉन एन४००० चा लॅपटॉप रात्रभर तापत राहतो. त्यात रॅम दोन-चार जीबीच असेल तर लिंकिंगच्या वेळी मेमरी संपते आणि सगळे मुसळ केरात. तेच काम दणकट डेस्कटॉपवर बघता बघता उरकते. म्हणून कम्पाइल तिकडे करावे आणि तयार बायनरी इकडे आणावी. जेंटू लिनक्सवाले वर्षानुवर्षे हेच करत आले आहेत आणि त्यात वावगे काही नाही.

पण आणलेली बायनरी चालवली की टर्मिनलवर पुष्कळदा दोनच शब्द उमटतात: ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. कम्पाइल करताना एरर आलेली नसते. इन्स्टॉल करताना साधी वॉर्निंगही नसते. कधी तर प्रोग्राम उघडतो, मेन्यू दिसतो आणि एखादी फाइल उघडायला घेतली की कोसळतो. नवखा माणूस रॅम बदलून बघतो, डिस्क तपासतो, शेवटी लिनक्सच पुन्हा टाकतो. दोष मात्र मेकफाइलमधल्या एका ओळीत बसलेला असतो: ‘-मार्च=नेटिव्ह’.

ही ओळ दिसली की जीसीसी हा कम्पाइलर स्वतः ज्या प्रोसेसरवर चालतो आहे त्याच्या यच्चयावत सूचना वापरायला मोकळा होतो. डेस्कटॉपला एव्हीएक्स२ नावाच्या सूचना येतात, मग बायनरीत एव्हीएक्स२ उतरते. लॅपटॉपला ते येत नाही. तिथे प्रोसेसर अडतो आणि कर्नल प्रोग्राम बंद पाडतो.

जुन्या मशीनचे दुखणे म्हणून हे सोडून देता येत नाही. एव्हीएक्स२ इंटेलच्या हॅसवेलमध्ये २०१३ साली आले. तरी २०२० सालचे डेस्कटॉप सेलेरॉन आणि पेंटियम त्याच्याविनाच विकले गेले. म्हणजे दुकानातून कोरे करकरीत आणलेले मशीनही या ओळीपुढे नापास. फटका बसतो तो ज्याच्या खिशाला तेवढेच परवडले त्याला. आणि जुन्या, स्वस्त मशीनवरही नीट चालते, म्हणून तर अनेकांनी लिनक्स जवळ केले!

वेगासाठी ही ओळ लागतेच, हा दावा टिकत नाही. सी लायब्ररी जीलिबसी मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनच्या अनेक आवृत्त्या सोबत ठेवते आणि प्रोग्राम चालू होताना समोरचा प्रोसेसर बघून त्यातली योग्य ती निवडते. दणकट मशीनला वेग मिळतो, साधे मशीनही चालते. डिस्टसीसीचे वागणे याहून बोलके आहे. कम्पाइलचे काम नेटवर्कवरच्या इतर मशीनना वाटून देणे हाच त्याचा धंदा. पण ही ओळ दिसली की ते काम बाहेर पाठवतच नाही, जागच्या जागी उरकते. वेळ गेला तरी चालेल, भलत्या प्रोसेसरची बायनरी नको, एवढी अक्कल त्याच्या कोडमध्ये घातलेली आहे.

आपल्याच दोन मशीनपुरता प्रश्न असेल तर तो मिनिटाभरात सुटतो. त्याच ‘नेटिव्ह’ पर्यायासह जीसीसीला हळू मशीनवर विचारायचे, की तू हा प्रोसेसर कोणता समजतोस. एन४००० साठी उत्तर येते ‘गोल्डमाँट-प्लस’. डेस्कटॉपवर कम्पाइल करताना ‘नेटिव्ह’च्या जागी ते नाव घालायचे.

सोर्स जगासाठी खुला करणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे. त्यांचा कोड कोण कुठे कम्पाइल करील आणि कुठे नेऊन चालवील, हे त्यांना कळणार नसते. डेबियनची ६४-बिट इंटेल-एएमडी पॅकेजे आजही २००३ च्या ऑप्टेरॉनला झेपतील अशा बेताने बांधली जातात. तेवढे मागे जाणे प्रत्येकाला जमेलच असे नाही. पण रिलीज काढण्याआधी मेकफाइल उघडा आणि ती एक ओळ काढून टाका. ज्याला हवी असेल तो आपल्या मशीनवर ती स्वतः घालून घेईल.