नाव पटावर आहे, पण मूल शाळेत आहे का?



आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जून सरता सरता उघडतात. नेमकी तेव्हाच पेरणीची घाई असते. एक डोळा ढगाकडे, एक डोळा बियाण्याकडे, आणि मधल्या वेळात पोराचे दप्तर-पाटी पाहायची. नाव घातले, पुस्तके मिळाली, की आपले काम संपले असे आपल्याला वाटते.

पण बियाणे टाकले म्हणजे पीक आले, असे आपण कधी म्हणतो का? आठ-दहा दिवसांनी आपण तासातासांतून फिरतो. कुठे उगवले नाही ते पाहतो आणि नांग्या भरतो. जिथे उगवले नाही तिथे लगेच बियाण्याला दोष देत नाही. खोल पडले का, वर पापुद्रा आला का, पाणी साचले का, हे आधी बघतो. शाळेतही अशा नांग्या असतात. पटावर नाव असते, मूल बाकावर बसलेलेही असते, पण ते शाळेचे झालेले नसते. त्या मुलांविषयी आज बोलू.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला निहाल समाजाची वस्ती असलेली गावे आहेत. त्यांची निहाली बोली ही जगातली एक नवलाची गोष्ट आहे. जुन्या सरकारी भाषा-पाहणीत तिला कोरकूच्या कुळात घातले होते. पुढे १९६२ मध्ये कायपर नावाच्या डच पंडिताने तिच्यावर पुस्तक लिहिले. आज बरेच अभ्यासक मानतात, की ही बोली मराठी, कोरकू, तेलुगू अशा कोणत्याच भाषेची बहीण नाही. तिने शेजाऱ्यांकडून शब्द पुष्कळ घेतले, पण तिचे मूळ स्वतंत्र आहे. ती बोलणारी माणसे दोन-अडीच हजारांच्या आसपास उरली असावीत, असा अंदाज आहे. ज्या बोलीसाठी परदेशातले विद्वान झटले, ती बोली आपल्या जिल्ह्यात आहे, आणि आपल्यापैकी किती जणांनी तिचे नाव ऐकले आहे?

आता त्या घरातले सहा वर्षांचे मूल डोळ्यांपुढे आणा. घरी ते पाण्याला ‘जोप्पो’ म्हणते. पहिलीत आले की सारे पुस्तक मराठीत. गुरुजी विचारतात ते त्याला कळत नाही, आणि त्याला जे येते ते कोणी विचारत नाही. एखादा शब्द घरचा निघाला की वर्ग हसतो. दोनदा असे हसू झाले की मूल तोंड उघडत नाही. मग आपण म्हणतो, ‘हे पोरगं मंद आहे.’ अहो, हे पोर घरी एक बोली बोलते, शेजारच्या कोरकूंची दुसरी ऐकते आणि बाजारातली मराठी तिसरी शिकते. त्याला मंद कसे म्हणायचे?

याला उपाय आहे आणि तो खर्चाचा नाही. भिंतीवर पाणी, झाड, घर, गाय यांची चित्रे लावून खाली मराठी शब्दाबरोबर मुलाच्या घरचा शब्दही लिहावा. वरच्या वर्गातल्या त्याच वस्तीच्या मुलाला लहानांजवळ बसवावे. महिन्यातून एकदा एखाद्या आजीला गोष्ट सांगायला बोलवावे. आपली आजी शाळेत खुर्चीवर बसली हे ज्या मुलाने पाहिले, त्याला शाळा परकी वाटत नाही. हा काही उपकार नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे १९५६ मध्ये घटनेत घातलेले ३५०-अ हे कलम सांगते.

वेगळे बसवण्याचा आपल्याकडचा इतिहास जुना आणि कडू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. नळाला हात लावायची बंदी होती. शाळेचा शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी, आणि तो नसला तर दिवसभर तहान. पण हे मोडणारी माणसेही याच मातीत झाली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. आणि आपल्या वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालयात तेच केले. ते स्वतः शेतकऱ्याचे पुत्र. नुसता वर्ग एक करून भागत नाही, पंगतही एक व्हावी लागते, हे या मंडळींनी ओळखले होते.

आज गोणपाट गेले. पण शालेय पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसते? वर्ग झाडायला रोज त्याच मुलांना सांगतात का? मुलाला त्याच्या नावाने हाक मारतात, की जातीच्या, वस्तीच्या किंवा व्यंगाच्या नावाने? या बारीक गोष्टी आपल्या लेकरांना विचारा. ती खरे सांगतात.

दुसरी नांगी स्थलांतराची. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातूनही कित्येक कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मुले बरोबर गेली की मधले सारे महिने बुडतात. परत आलेले मूल मागे पडलेले असते, मग ते लाजून शाळेकडे फिरकत नाही. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय करता येते. ती मुले आजी-आजोबांजवळ राहतात आणि त्यांच्या जेवणाची व्यवस्था होते. मूल बरोबर न्यावेच लागले तर गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येते. दाखला नाही म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही.

मुलांचे हक्क २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहेत. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचे, जन्माचा कागद नाही म्हणून अडवायचे नाही, मारायचे नाही, मनाला लागेल असे छळायचेही नाही. मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह हवे. जिजाऊंचे सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, तिथे एवढ्या एका सोयीवाचून मोठी मुलगी घरी बसावी, हे आपल्याला शोभत नाही. अपंग मुलांसाठी २०१६ चा कायदा आहे. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

कोणी म्हणेल, ‘सगळ्यांना सारखेच द्या, एकाला जास्त का?’ शेतकऱ्याला याचे उत्तर शिकवायला नको. काळ्या कसदार रानाला आणि बरड रानाला आपण सारखेच शेणखत घालतो का? बरडाला चार गाड्या जास्त टाकतो, तेव्हा कुठे दोन्हीकडे पीक उभे राहते. काळ्या रानावर तो अन्याय होत नाही.

तर आता करायचे काय? आपल्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या जागा बायांच्या, असे कायदा सांगतो. दुर्बल घटकांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. पण बैठक कधी झाली ते कळत नाही आणि सहीचे रजिस्टर घरोघरी फिरते, असे पुष्कळ गावांत चालते. यंदा तसे होऊ देऊ नका. बैठक संध्याकाळी, मजुरीहून माणसे परतल्यावर ठेवा. तांड्यावरच्या, पारधी बेड्यावरच्या, डोंगराकडच्या पालकांना नुसता निरोप न धाडता स्वतः जाऊन बोलवा. आल्यावर त्यांना सतरंजीच्या टोकाला नाही, आपल्या शेजारी बसवा. मोठी माणसे जशी बसतात तशीच मुले बसतात.

आणि बाप्पाहो, जी माणसे आपल्या कापसाच्या वेचणीला, सोयाबीनच्या सोंगणीला येतात, त्यांची पोरे आपल्या पोरांच्याच वर्गात आहेत. हंगामात त्यांच्या मुलीला वेचणीला धाडा असे आपण सांगू नये, आणि ती धुऱ्यावर दिसली तर ‘आज शाळा नाही का गं?’ एवढे तरी विचारावे. मायबहिणींनी आपल्या लेकराच्या डब्याबरोबर त्याच्या कानात एक गोष्ट घालावी, की वर्गात जो एकटा बसतो त्याच्याशेजारी आज बस.

पेरणी आटोपली की एक सकाळ काढा. शाळेत जाऊन हजेरीपट मागा, कोणाचे नाव आहे पण मूल नाही ते पाहा, आणि त्याच दिवशी त्या घरी जाऊन या. नांग्या वेळेवर भरल्या तरच उपयोग होतो.