कालवडीस वळू कोणता?

आमच्या समाजांत मुलीचें लग्न ठरवितांना कूळ, गोत्र, पत्रिका आणि, सांगावयास लाज वाटते, हुंडा यांची वाटाघाट महिनेच्या महिने चालते. परंतु ज्या कालवडीवर उद्यांचें दूध, मुलांची फी व वाण्याची उधारी अवलंबून आहे, ती माजावर आली म्हणजे तिच्यासाठीं वळू निवडण्याचें काम अर्ध्या घटकेंत उरकतें, आणि तेंहि मालकाऐवजीं बहुधा दुसराच कोणी उरकतो. कृत्रिम रेतन करणारा गृहस्थ फटफटीवरून येतो, द्रवरूप नत्राच्या पात्रांतून हातास लागेल ती कांडी काढतो, आणि मालक एवढेंच विचारतो कीं, ‘कालवड होईल ती दूध किती देईल?’ प्रश्न गैर नाहीं. पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा कीं, ही आपली दावणीची कालवड सुखरूप विईल काय?

पहिलारू गाईची गोष्ट चार वेतांच्या गाईहून निराळी आहे. कालवड गाभण राहते तेव्हां तिची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते. कमरेच्या हाडांमधील वाट अरुंद असते, आणि त्या वाटेनें पूर्वीं एकहि वासरूं बाहेर आलेलें नसतें. वासराचें आकारमान कांहीं अंशीं आईवर व कांहीं अंशीं बापावर जातें. शुद्ध होल्स्टीन वासरूं जन्मतः सुमारें ४० किलो भरतें, जर्सीचें २५ किलोंच्या आसपास. असें असतां, जेमतेम दोनशें किलोंच्या लहानखुऱ्या कालवडीस थोराड वासरें देणाऱ्या वळूचें रेत भरणें म्हणजे तिच्या जिवाशीं जुगार खेळणें होय. पुढचा प्रकार खेडोपाडीं कोणास ठाऊक नाहीं? रात्रीं गाय अडते, चार गडी दोरखंड लावून ओढाताण करतात, डॉक्टर पोंचेपर्यंत वासरूं गुदमरलेलें असतें. गाय वांचली तरी वार वेळेवर पडत नाहीं, ती कित्येक दिवस उठत नाहीं, दूध हातचें जातें आणि पुन्हां माजावर येण्यास महिने लागतात. दोन-अडीच वर्षें घातलेला चारा एका रात्रींत मातीस मिळतो. आणि मग दोष कोणाचा? नशिबाचा, दृष्टीचा, किंवा घरांत नुकत्याच आलेल्या सुनेच्या पायगुणाचा! ज्या वळूचा खरा संबंध, त्याचा क्रमांक कांडीवर छापलेला असतो. ती कांडी उकिरड्यावर पडलेली असते.

हा विचार परदेशी आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं आपल्याच ग्रंथांत डोकवावें. वृषोत्सर्गाकरितां सोडावयाचा वळू दुधाळ, आणि जिचीं वासरें जगतात अशा गाईचा पुत्र असावा, असें विष्णुस्मृतींत व पारस्कराच्या गृह्यसूत्रांत सांगितलें आहे. जिचीं वासरें जगतात, ह्या शब्दांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों. पुढें पुण्य तेवढें राहिलें व परीक्षा गेली. औताच्या कामाचा नसेल तो गोऱ्हा देवाच्या नांवानें पोळ म्हणून सुटूं लागला. शेवटीं १९३३ सालीं मुंबई इलाख्यांत गुरांच्या सुधारणेचा स्वतंत्र कायदा करून नालायक वळूंच्या खच्चीकरणाची तजवीज करावी लागली. १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं उरुळीकांचन येथें ‘बाएफ’ संस्था काढली, आणि संकरित गाय गरिबाच्या गोठ्यापर्यंत नेण्यांत तिचा वांटा मोठा आहे. वळू गेला व कांडी आली. पारखून घेण्याची संवय मात्र आली नाहीं.

‘होल्स्टीन भरलें’ किंवा ‘जर्सी भरलें’ हें उत्तर पुरेसें नव्हे. एकाच जातींतील दोन वळूंपैकीं एकाचीं वासरें सहज जन्मतात व दुसऱ्याचीं ओढून काढावीं लागतात. अमेरिकेंत गवळी प्रत्येक प्रसूति सोपी कीं अवघड हें पांच श्रेणींत नोंदवून कळवितात, आणि त्या नोंदींवरून कोणता वळू कालवडीस योग्य तें प्रसिद्ध होतें. प्रदर्शनांत ज्याचा आडवा बांधा पाहून लोक टाळ्या पिटतात, तो वळू चौथ्या वेताच्या गाईस शोभेल, कालवडीस नव्हे. खिल्लार किंवा देवणी कालवडीस तिच्याच जातीचा वळू द्यावा, हें तर सांगणेंहि नको.

कोणी म्हणतील कीं, जर्सीनें दूध कमी होतें. खरें आहे, पण स्निग्धांश वाढतो, आणि आपल्याकडे दुधाचा दर त्यावरहि ठरतो. शिवाय हा प्रश्न पहिल्या वेतापुरता आहे. लिंगनिश्चित रेताच्या कांडीनें सुमारें शेंकडा ९० कालवडी होतात, व कालवड गोऱ्ह्यापेक्षां जन्मतः थोडी हलकी असते. म्हणून पहिलारूस ती सोयीची, मात्र तेथेंहि वळू पाहूनच. वय मोजण्यापेक्षां वजन मोजावें. संकरित कालवड सुमारें २५० किलोंची झाल्याखेरीज भरवूं नये. तराजू नसेल तर छातीचा घेर मोजण्याची फीत अल्प किंमतींत मिळते. वासरूं लहान राहावें म्हणून गाभण कालवडीस उपाशी ठेवण्याचा जो अघोरी उपाय कोठें कोठें चालतो, त्यानें आईची ताकदच खचते. आणखी एक सूचना: केवळ लहान वासरें देणारे वळू पिढ्यान्‌पिढ्या वापरून त्यांच्याच कालवडी ठेवीत गेल्यास कळप खुरटा होण्याची भीति आहे. म्हणून वळूच्या मुली स्वतः कशा वितात, हेंहि विचारावें.

पण विचारावें कोणास? शेतकऱ्यापाशीं माहिती नाहीं, आणि ज्यांच्यापाशीं ती असावयास पाहिजे ते दूधसंघ सभासदांस लाभांशाचे आंकडे वांटतात, वळूंचे नाहींत. जनावरांच्या कानांत आज बारा आंकडी बिल्ला आहे, कांडीवर वळूचा क्रमांक आहे. दोहोंची सांगड घालून, गाय आपोआप व्याली, हात लावावा लागला, कीं वासरूं मेलें, एवढें लिहिण्यास एका ओळीची वही पुरते. ती वही पुरुषांनीं चावडीवर बसून भरूं नये. शेण काढणारी, वैरण घालणारी आणि रात्रीं कंदील घेऊन गोठ्यांत उभी राहणारी जी बाई, तिला सर्व ठाऊक असतें. संघाच्या सभासदत्वावर मात्र नांव नवऱ्याचें असतें! कांडी निवडतांना तिचा शब्द घ्यावा, व वहींत सही तिची असावी.

अधिक मास नसेल तर पोळ्यास भरविलेली कालवड वटपौर्णिमेच्या सुमारास विते. येत्या पोळ्यापूर्वीं प्रत्येक संघानें कालवडीस योग्य अशा वळूंची यादी आपल्या संकलन केंद्राच्या भिंतीवर लावावी, आणि वटपौर्णिमेनंतर त्याच भिंतीवर प्रसूतींचा हिशेबहि लावावा, अशी आमची मागणी आहे.