दुसऱ्याचं रक्त



या अंकाचं संपादकीय एका भयपटावर लिहायचं, असं काही ठरवलं नव्हतं. पण गेल्या तीन महिन्यांत अमरावती आणि अकोल्याच्या आपल्या दोन्ही गटांत सर्वांत जास्त वाद झाला तो एका सिनेमावरून, आणि तो वाद बैठक संपल्यावर घरोघरी गेला. सिनेमा जुनाच आहे, २००९ सालचा, अमेरिकेतला. नाव 'ऑर्फन', म्हणजे अनाथ. अमरावतीच्या कॉलेजातल्या मुलींनी तो हिंदीतून मोबाइलवर पाहिला, त्यांच्याकडून तो आयांकडे गेला आणि आयांकडून अकोल्याच्या मावश्यांकडे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. शेवटही सांगणार आहे, कारण त्यावाचून पुढचं बोलताच येणार नाही. केट नावाच्या बाईचं तिसरं मूल पोटातच जातं. त्या दुःखातून सावरण्यासाठी ती आणि तिचा नवरा अनाथाश्रमातून एस्थर नावाची नऊ वर्षांची मुलगी आणतात. मुलगी हुशार, नम्र, सुंदर चित्रं काढणारी. मग एकेक अघटित घडू लागतं. आश्रमातली सिस्टर जिवानिशी जाते. केटला संशय येतो, पण तिचं कुणी ऐकत नाही. शेवटी कळतं की एस्थर मूल नाहीच. शरीराची वाढ खुंटलेली ती तेहतीस वर्षांची बाई आहे.

घरातल्या मुलांचं आणि पुरुषांचं मत एका शब्दात आटोपलं : भारी. बायकांचं मत मात्र दुभंगलं, आणि मला लिहायचं आहे ते त्याबद्दल.

अमरावतीच्या बैठकीत आपली एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "मले त्या पोरीचं भेव नाही वाटलं. थे बाई सांगून राह्यली, सांगून राह्यली, अन् नवरा तिलेच येडी ठरवून राह्यला, त्याचं भेव वाटलं." बैठकीत क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. केटला पूर्वी दारूचं व्यसन होतं, ते तिने सोडलेलं आहे. पण ती काही सांगू लागली की नवरा आणि उपचार करणारी बाई, दोघंही त्या जुन्या व्यसनाकडे बोट दाखवतात. पीडित बाईला घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या आपल्यापैकी प्रत्येकीने हे ऐकलेलं आहे. 'हिला डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या ना?' 'ही आधी एकदा माहेरी निघून गेली होती ना?' बाईच्या आयुष्यातली एक जुनी चिठ्ठी काढून दाखवली की तिचं आजचं म्हणणं खोटं ठरतं. हॉलिवूडच्या धंदेवाईक भयपटात हे इतकं नेमकं यावं याचं आश्चर्य वाटलं. त्याच घरात मॅक्स नावाची धाकटी बहिरी मुलगी आहे. तिने सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असतं, पण एस्थरच्या धाकाने ती गप्प असते आणि मोठ्यांपैकी कुणी तिला धड विचारतही नाही. ही भूमिका करणारी बालनटी स्वतःही कमी ऐकू येणारी आहे. सिनेमाचं कौतुक करायचं तर इथवर करते.

कारण अकोल्याला चर्चा वेगळ्याच वाटेने गेली. तिथल्या गटातली एक मैत्रीण आणि तिचा नवरा दत्तक मुलासाठी नोंदणी करून काही वर्षं वाट पाहत आहेत. तिच्या सासूबाईंनी हा सिनेमा नातीबरोबर बसून पूर्ण पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना एवढंच म्हणाल्या, "पाह्यलं ना? दुसऱ्याचं रक्त हाय, कोणाचं काय निघंल काय सांगावं." त्या घरात आठ दिवस कुणी तो विषय काढला नाही. बैठकीत ती हे सांगत होती तेव्हा चार-पाच जणींनी सासूबाईंच्याच बाजूने मान हलवली. आपल्या गटातल्या बायका, बरं का. वर्षानुवर्षं आपल्याबरोबर मोर्च्यात चालणाऱ्या.

कॉलेजातल्या एका मुलीने यावर चांगला मुद्दा मांडला. ती म्हणाली, एस्थर मूल नाहीच असं सिनेमाच सांगतो, मग अनाथ मुलांची बदनामी झाली कुठे? तर्काने ती बरोबर आहे. पण सिनेमा तर्काने पाहिला जात नाही. शेवटचा उलगडा होईपर्यंत आपण एका अनाथ मुलीलाच भीत बसलेलो असतो, आणि उलगडा होतो तोही काय, तर शरीरात व्यंग असलेली एक बाई राक्षसीण निघते. म्हणजे एकीची सुटका करायची तर दुसरीला सुळावर द्यायचं. सासूबाईंना तो उलगडा आठवतही नव्हता. त्यांना आठवत होता तो अनाथाश्रम.

हे फक्त आपल्याच भोळेपणामुळे झालं असं समजू नका. सिनेमा यायच्या आधीच अमेरिकेत दत्तक क्षेत्रात काम करणाऱ्या लोकांनी आवाज उठवला होता. जाहिरातीत एस्थरच्या तोंडी एक वाक्य होतं, दत्तक मुलावर स्वतःच्या मुलाइतकं प्रेम करणं अवघड असेल, अशा अर्थाचं. निषेधानंतर कंपनीने ते वाक्य बदललं. वाक्य बदललं, सिनेमा तोच राहिला, आणि इतका चालला की २०२२ मध्ये त्याच्या आधीची गोष्ट सांगणारा आणखी एक भागही आला.

बंदीची मागणी करावी असं एकीने सुचवलं. मला ते पटत नाही. सिनेमा बंद केल्याने सासूबाईंच्या मनातली गोष्ट बंद होत नाही, कारण ती गोष्ट हॉलिवूडने त्यांना शिकवलेलीच नाही. घराचा घात करणारी पोर आपल्याकडे पंचांगातून आली. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषावरची सासूला, ज्येष्ठावरची जेठाला, विशाखावरची धाकट्या दिराला. कोणती मुलगी कुणाचा जीव घेणार याची वाटणी ती पाळण्यात असतानाच करून ठेवलेली. लग्नानंतर घरात म्हैस मेली तरी 'पांढऱ्या पायाची' म्हणायला तोंड तयारच असतं. या गोष्टीत मुलगाही कधीमधी सापडतो, नाही असं नाही, पण मुख्य भूमिका मुलीचीच. सातारा जिल्ह्यात २०११ साली शेकडो 'नकोशी' नावाच्या मुलींची नावं समारंभाने बदलण्यात आली, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते. त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्यातल्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचं प्रमाण हजार मुलांमागे ८९४ निघालं. दहा वर्षांपूर्वी ते ९१३ होतं. भयपट म्हणायचं तर तो हा आहे.

मराठीत 'लपाछपी' नावाचा भयपट २०१७ साली आला होता, विशाल फुरिया यांचा. पूजा सावंतने त्यात उसाच्या फडातल्या एकाकी घरात अडकलेली गरोदर बाई केली आहे. २०२१ मध्ये त्याचाच हिंदीत 'छोरी' झाला. तिथेही अंगावर काटा आणणारी मुलं दिसतात, पण अखेर बोट वळतं ते मुलगी नको असणाऱ्या घराकडे आणि त्यातल्या वडीलधाऱ्यांकडे. 'ऑर्फन' पाहिलेल्या गटांनी तोही पाहावा आणि मग पुन्हा बसावं, असं मी दोन्हीकडे सुचवलं आहे.

आणि एकदा वझ्झरला जाऊन यावं. अमरावतीहून परतवाडा, आणि तिथून जवळच, सातपुड्याच्या पायथ्याशी. शंकरबाबा पापळकर तिथे बेवारस, मतिमंद, मूकबधिर, अंध मुलांना घेऊन राहतात. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शंभराहून अधिक मुलांना त्यांनी वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं आहे. कुणी रेल्वे स्टेशनवर सापडलेलं, कुणी कचऱ्याच्या ढिगाऱ्यात. त्यातलीच एक दृष्टिहीन लेक २०२४ साली राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. ही यशाची बातमी सगळ्यांनी वाचली. पण शंकरबाबांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी फारशा कुणी वाचलेली नसते : अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहाचं दार कायद्याने बंद होतं, मग मतिमंद, बेवारस मुलीने जायचं कुठे? तिला आयुष्यभर त्याच घरी राहू द्या, असं ते सांगत आले. अठराव्या वर्षी रस्त्यावर उभी केलेली मतिमंद मुलगी. यावर सिनेमा काढायला कुणी धजावेल असं वाटत नाही.

हिशोब केला तर कुणी कुणाला घाबरायला हवं? मूल घरात येतं तेव्हा ते कुणालाच ओळखत नसतं. त्याची चौकशी करायला आपल्याकडे सासू, शेजारीण, पत्रिका सगळे आहेत. घराची चौकशी मात्र दत्तक देणारी संस्था करते, आणि तेवढीही लोकांना खुपते. आमच्या मैत्रिणीच्या सासूबाईंना सर्वांत जास्त राग याच गोष्टीचा आहे, की कुणी परकी बाई येऊन आपलं न्हाणीघर पाहणार आणि 'तुम्ही मुलाला मारता का' असं विचारणार.

जाता जाता कायद्याचं थोडं, कारण बैठकीत यावर बरेच गैरसमज दिसले. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात विवाहित बाईला स्वतःहून दत्तक घेता येत नव्हतं. घेणारा नवरा, तिची फक्त संमती. २०१० च्या दुरुस्तीने तो हक्क तिलाही मिळाला, नवऱ्याच्या संमतीने. संस्थेतलं मूल घ्यायचं तर बाल न्याय कायद्याखाली पती-पत्नी दोघांची संमती लागते, आणि सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. सासूच्या संमतीचा रकाना कोणत्याही अर्जात नाही. पण घरात तो असतोच, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

म्हणून त्या मैत्रिणीने एक केलं. सासूबाईंशी वाद घालणं सोडून दिलं आणि त्यांना विचारलं, "सिनेमातल्या त्या बाईचं कोणी ऐकलं नाही, ते तुम्हाले कसं वाटलं?" सासूबाई बराच वेळ बोलल्या. त्यांचं पहिलं मूल गेलं तेव्हा दोष कुणावर आला होता, कोणत्या शब्दांत आला होता, हे लग्नानंतरच्या बारा वर्षांत सुनेला पहिल्यांदा कळलं. दत्तकाला त्यांनी होकार दिला असं मात्र नाही. नाही म्हणायचं सध्या थांबवलं आहे.

संस्थेची कार्यकर्ती पुढच्या महिन्यात घर पाहायला येणार आहे. त्या दिवशी लेकीकडे मूर्तिजापूरला जायचं सासूबाईंचं ठरलं होतं. ते त्यांनी पुढे ढकललं आहे, असं परवाच कळलं.