शस्त्रक्रियेनंतरची सावधता



२०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ, म्युकरमायकोसिस हा शब्द मराठवाड्यात घरोघरी पोहोचला. २० मे रोजी केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. नाकातून सायनसमध्ये आणि तेथून डोळ्याकडे व मेंदूकडे सरकणाऱ्या या बुरशीने कित्येकांचा वरचा जबडा किंवा डोळा हिरावला. लाट ओसरली, बुरशी मात्र कोठेही गेलेली नाही.

लासूर स्टेशनसारख्या बाजारपेठेच्या गावी बुरशी काही नवखी नाही. सडका कांदा, ओल लागलेले धान्य, बंद गोदामातील धूळ यांतून तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत मिसळतात. निरोगी शरीर त्यांना थोपवते. परंतु मधुमेह आटोक्याबाहेर असला किंवा स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती घटली असली, तर तेच बीजाणू रुजतात. म्युकर रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. रक्ताविना तो भाग मरून काळा पडतो. तेथे शिरेतून दिलेले ॲम्फोटेरिसिन नीट पोहोचत नाही, म्हणून मृत भाग कापून काढावा लागतो.

‘ऑपरेशन झाले, आता दुकानात बसायला हरकत नाही,’ असे पुष्कळांना वाटते. हा समज घातक आहे. शस्त्रक्रिया हा उपचाराचा मध्य आहे, शेवट नव्हे. डोळ्यांना न दिसणारा अंश मागे उरला, तर बुरशी पुन्हा वाढते. म्हणून औषधांचा क्रम पूर्ण करावा. ॲम्फोटेरिसिन चालू असताना मूत्रपिंड व पोटॅशियमच्या तपासण्या चुकवू नयेत. दुर्बिणीने नाक तपासण्याची तारीख हंगामाच्या गर्दीतही पुढे ढकलू नये. साखरेचा हिशेब तर रोजमेळाइतकाच नेमाने लिहावा.

डॉक्टरांनी मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास सांगितले असेल, तर नळाचे पाणी तसेच वापरू नये. आपल्या अनेक घरांत पाणी गाळून उकळण्याची रीत आहेच. तेच उकळून निववलेले ताजे पाणी येथे उपयोगी पडते. बाटली प्रत्येक वेळी स्वच्छ धुऊन कोरडी करावी. जखम भरेपर्यंत गोदामातील झाडलोट व धान्याची चाळणी दुसऱ्यावर सोपवावी.

नाकातून काळसर स्राव, एका बाजूचा गाल बधिर होणे, डोळा सुजणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, टाळूवर काळा डाग, वरचे दात हलणे यांपैकी एकही खूण दिसली, तर सकाळची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे. या आजारात एका रात्रीचा विलंबही डोळ्यावर बेतू शकतो.